आधी जुनं टाका

महापेला, बेअरिंगच्या गोदामावर
तिसऱ्या मजल्यावर माझी खोली.
दोन मॉनिटर, नुसताच आवाज करणारा एसी,
आणि निनाद पाटणकरने आणून दिलेली
पिवळ्या फोममधली हार्डडिस्क.

"एवढंच उरलंय," म्हणाला.
रंग केले तो स्टुडिओ बंद पडला,
एडिटचं प्रोजेक्ट कुणाच्या तरी लॅपटॉपसकट विकलं गेलं,
आवाज मिसळणारा आता कॅनडात घरं विकतो.
सात वर्षांची खटपट,
शेवटी एकशे बारा जीबी.
पाच रिळं. कुलूप नाही, तेवढं नशीब.

चूक एका ओळीची आहे.

दिवाळ्याच्या धाकलीबाय कोळी
होडीच्या काठावर बसून, जाळ्यातली गाठ सोडवत,
कॅमेऱ्याकडे न बघता म्हणतात,
"खारी माना वलखते."
आणि खाली पांढऱ्या अक्षरांत येतं:
मी खाडीला ओळखते.

वाशीच्या खेळाला नातवाने वाचून दाखवलं,
तेव्हा अंधारात मोठ्याने म्हणाल्या म्हणे,
"मी आसा नाय बोल्ले. उलटा लिवलाय."
पुढच्या रांगेतून कुणीतरी श्श केलं.
चार वर्षं झाली त्याला.
निनादला अजून तो श्श ऐकू येतो.

मी आधी मूर्खपणा केला.
जुन्याच फाइलमध्ये शिरून दोन शब्द फिरवले.
सर्व्हरने घेतलं नाही.
बेरीज जुळत नाही म्हणाला.
एक वेलांटी हलली तरी जुळत नाही ती,
वाण्याच्या वहीसारखी
पानापानावर कुणाचा तरी अंगठा.

मग सरळ मार्गाने.
सॉफ्टवेअर फुकटातलं,
कुणी रात्री जागून लिहिलं असेल, देव त्याचं भलं करो.
त्यात जुनं पॅकेज नुसतं दाखवायचं.
प्रत्येक फाइलला छत्तीस अक्षरांचं नाव,
हाक मारता येत नाही असं.
आणि एक नवी यादी करायची:
पहिल्या रिळाचं चित्र तिकडे आहे, तेच घ्या.
आवाज तिकडे आहे, तोच घ्या.
दुसऱ्याचंही तिकडचंच.
तिसऱ्याचं चित्र तिकडचं,
होडी तिकडची, गाठ तिकडची, वारा तिकडचा,
अक्षरं मात्र
इथली.

नवं पॅकेज भरलं साडेतीनशे केबी, फॉन्टसकट.
शुभ सकाळच्या एका फोटोएवढं.
त्यात ना पडदा ना आवाज,
नुसत्या खुणा, कुठून काय उचलायचं त्याच्या.

फोन लावला. मार्केटमध्ये होत्या.
वाचून दाखवलं: खाडी मला ओळखते.
"हां," म्हणाल्या. "आता बराबर."
मग जरा थांबून,
"आन् आदीचा गेला, नाशकाला, सांगलीला, तो?"
तो तसाच राहील, म्हटलं. जुन्यातलं खोडता येत नाही.
त्या काही बोलल्या नाहीत.
कुणीतरी कोलंबीचा भाव विचारला
आणि त्या फोन चालू आहे हे विसरल्या.

चार मिनिटं मी ऐकत बसले,
भाव, शिव्या, बर्फ फोडल्याचा आवाज,
एका बाईला "तुला नाय परवडाची" आणि लगेच हसणं.
निम्मं मला कळलं नाही.
खाली अक्षरं नव्हती.

संध्याकाळी रीळ तीन लावलं.
अकरा मिनिटं चार सेकंद.
तोच हात, तीच गाठ, त्याच बाई,
चार वर्षांनी तरुण.
ओळ आली, दोन सेकंद थांबली, गेली.
खाली गोदामात कुणीतरी शटर ओढलं.

कॉपी व्हायला पाऊण तास लागला, जुन्यामुळे.
नवं केव्हाच झालं होतं.
डिस्कवर मास्किंग टेप लावली
आणि ऑपरेटरसाठी जाड पेनाने लिहिलं:
आधी जुनं टाका. मग हे.
हे एकटं चालत नाही.